बबडीची एक्केचाळीस मिनिटं

शनिवारी दुपारी पाऊण वाजता अलकाकाकूंचा फोन आला, तेव्हा विशाखा आयटीआयच्या परीक्षेत पहाऱ्यावर होती.

"ये गं लवकर," एवढंच काकू बोलल्या. मागून कोणीतरी ओरडत होतं, "अरे, लिफ्ट धरून ठेवा, लिफ्ट!" आणि फोन बंद झाला.

काकूंचे यजमान अरविंद सबनीस गच्चीवरच्या त्यांच्या खोलीत पडलेले सापडले होते. बोटांना चटका, डोक्याला मागून खोक, आणि शेजारी टेबलावर पाठ उघडलेला जुना पिक्चर ट्यूबचा मॉनिटर. शॉक लागला, दुसरं काय! पाहणारा प्रत्येकजण हेच म्हणाला. पी.एस.आय. वसावांनीही वहीत हेच लिहिलं आणि आठ दिवसांपूर्वी त्या खोलीचं वायरिंग करणाऱ्या गणेशला चौकीवर बसवून घेतलं.

अरविंदकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वय एक्काहत्तर. अडाजणच्या एका सोसायटीच्या गच्चीवर त्यांची पत्र्याची खोली होती. तिला खिडकी एकच, आणि तीही काकांनी खोक्यांनी बुजवलेली. आत काय नव्हतं? रेडिओ, टेपरेकॉर्डर, मेलेले कॉम्प्युटर, डबेच्या डबे भरून चिपा. सबनीसांच्या सगळ्या गोतावळ्यात एक रीतच होती: काही बिघडलं, की टाकायचं नाही, काकांना द्यायचं. दिवाळीच्या साफसफाईत तर काकांकडे पोती यायची. लोकांना फराळाचं अप्रूप, काकांना भंगाराचं.

आणि त्या खोलीत बबडी होती. बबडी म्हणजे काकांनी स्वतःच्या हातांनी, एकेक तार सोल्डरने डाखून बनवलेला कॉम्प्युटर. वर पाच लाल आकडे. चालू केल्यापासून किती मिनिटं झाली, ते बबडी मोजत राही. तिच्यात घड्याळाची बॅटरी काकांनी मुद्दाम घातली नव्हती. लाईट गेली की बबडी सगळं विसरायची आणि परत शून्यापासून सुरुवात करायची. "माझ्यासारखीच आहे," काका म्हणत, "झोपून उठली की नवी."

विशाखा पंधरा वर्षांपूर्वी या खोलीत पहिल्यांदा आली. नवागामच्या वस्तीतल्या यंत्रमाग कामगाराची मुलगी, खिशात पैसे नाहीत आणि डोक्यात शंभर प्रश्न. काकांनी पहिल्याच दिवशी तिच्या मनगटाला एक काळा पट्टा बांधला आणि त्याची वायर अर्थिंगच्या खिळ्याला अडकवली. "हा तुझ्यासाठी नाही हो. तुझ्या अंगातल्या विजेने माझी चिप मरू नये म्हणून आहे." जुना टीव्ही दुरुस्तीला घेतला की मात्र काका आधी पट्टा काढत, मग डावा हात पँटच्या खिशात घालत आणि मगच उजवा हात आत नेत. ते बघून विशाखाला हसू यायचं. आता ती आयटीआयमध्ये मुलांना हेच शिकवत होती.

शुक्रवारी रात्री आठला काकांचा फोन आला होता. आवाज पडलेला होता.

"बबडी साडेदहा हजारांवर गेली," त्यांनी नेहमीसारखं सांगितलं. मग थोडं थांबून विचारलं, "तुमच्या नवागामात काशीबाई म्हणून कोणी आहेत का गं?"

"काका, एक मागा, तीन देते. का?"

"उद्या ये. घरातलीच गोष्ट आहे, फोनवर नको."

"उद्या परीक्षा आहे काका. रविवारी येते नक्की."

रविवारी ती हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती, आणि ते वाक्य तिला आतून खात होतं.

*

सोमवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, "धोका टळलाय. झोपेचं औषध कमी केलंय. संध्याकाळपर्यंत डोळे उघडतील, बोलतीलही."

अलकाकाकूंनी हात जोडले. परागने डोळे पुसले.

पराग म्हणजे काकांचा पुतण्या. वडील लवकर गेले, काकांनीच शिकवलं. इच्छापोरच्या एका रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. माणूस कामाचा! शनिवारपासून औषधं, बिलं, डॉक्टर, सगळं त्यानेच पाहिलं. खोलीच्या भिंतीवर पाळ्यांचा कागदही त्यानेच चिकटवला होता: सकाळी आठ ते बारा विशाखा, बारा ते चार काकू, चार ते आठ पराग.

"तुम्ही शनिवारी किती वाजता पोचलात, परागदादा?" विशाखाने सहज विचारलं.

"काकूंचा फोन आला तसा कारखान्यातून थेट इथे हॉस्पिटलमध्ये. घरी गेलोच नाही. त्या खोलीत तर मागच्या दिवाळीनंतर पाऊल ठेवलेलं नाही. बघवत नाही मला ते भंगार." त्याने उसासा टाकला. "काका किती काळजी घेणारे! मनगटाला बांधायचं तेसुद्धा बांधलं होतं त्यांनी. पण वायरिंगच खोटं असेल तर माणूस काय करणार? त्या गणेशला सोडणार नाही मी."

तेवढ्यात नर्सने हाक मारली आणि बोलणं तिथेच राहिलं.

बाराला काकू आल्या. म्हणाल्या, "विशू, त्यांचा चष्मा वरच्या खोलीत राहिलाय. डोळे उघडले की पहिला चष्मा मागतील. आणशील?"

"आणते ना. काकू, काकांचं गेल्या आठवड्यात काही बिनसलं होतं का?"

काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "दोन दिवस जेवले नाहीत गं. आधी मजेत होते. नेहाने माळा साफ केला ना, तिने पोतंभर सामान पाठवलं होतं. ते उपसत बसले होते. मग काय झालं देव जाणे. विचारलं तर म्हणाले, माणूस ओळखणं चिप ओळखण्यापेक्षा अवघड आहे."

नेहा म्हणजे परागची बायको.

*

गच्चीवर ऊन रणरणत होतं. खाली कोणीतरी फटाका लावला आणि विशाखा एवढी दचकली की हातातली किल्ली पडली.

खोलीत अंधार. तिने बटण दाबलं. टेबलावर तो मॉनिटर अजून तसाच उघडा पडला होता. बबडीचे लाल आकडे चालू होते: तीन हजारांच्या आसपास. चष्मा टेपरेकॉर्डरवर होता. तिने उचलला आणि निघाली. तिला तिथे थांबवत नव्हतं.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी श्रीरंग दामले उभे. या खोलीविरुद्ध त्यांनी आजवर सात अर्ज दिलेले. आज मात्र चेहरा उतरलेला.

"विशाखाबेन, हे घेऊन जा बाबा. माझ्या खिशात दोन दिवस आहे. बायकोलासुद्धा दाखवलं नाही." त्यांनी एक पाकीट पुढे केलं.

पाकिटात काळा पट्टा होता.

"हा तुमच्याकडे कसा?"

"अगं, टाकी बघायला वर आलो तर हे पडलेले. हाताला हा पट्टा, त्याला वायर! मी म्हटलं बीपीचा पट्टा असेल, त्यातूनच करंट येत असेल. लाकडाने ओढून काढला आणि घाबरून खिशात घातला. पोलीस म्हणतील, पुराव्याला हात का लावला? म्हणून गप्प बसलो."

"कोणालाच सांगितलं नाहीत?"

"देवाशपथ. तुला पहिल्यांदा सांगतोय."

विशाखाने मागे वळून उघड्या मॉनिटरकडे पाहिलं. मग हातातल्या पट्ट्याकडे.

काका उघड्या पिक्चर ट्यूबसमोर पट्टा बांधतील? अशक्य! अर्थिंगला बांधलेल्या हाताने तिथे जाणं म्हणजे मरणाला आवतण. हा पट्टा काकांनी बांधलाच नव्हता. दुसऱ्या कोणीतरी बांधला होता. ज्याने काकांना तो बांधताना पाहिलंय आणि ज्याला वाटतं की पट्टा म्हणजे काळजी, अशा कोणीतरी.

"दामलेकाका," तिने विचारलं, "तुम्ही वर आलात तेव्हा किती वाजले होते?"

दामले ओशाळले. "बारा पस्तीस. नक्की सांगतो, कारण… रागावू नकोस. मी आधी फोटो काढला. म्हटलं, या खोलीबद्दल म्युनिसिपालिटीत दाखवायला होईल. नंतर पट्टा काढला, मग हाका मारल्या. लाज वाटते गं आता."

"फोटो दाखवा."

फोटोवर वेळ होती: बारा पस्तीस. काका पालथे पडलेले, मनगटावर पट्टा. तिने डोळे मिटले, परत उघडले आणि काकांच्या मागे पाहिलं. बबडी चालू होती. लाल आकडे स्वच्छ दिसत होते.

००४१.

नाही, नीट मोजलं. ०००४१.

"शनिवारी सकाळी लाईट गेली होती का?"

"छे! अलकावहिनी अकरापासून आमच्याकडे होत्या, सरलाबरोबर चकल्या करायला. टीव्ही चालू, पंखा चालू. साडेबाराला गेल्या त्या खाली. लाईट गेली असती तर पहिला आरडाओरडा मीच केला असता."

शुक्रवारी रात्री बबडी साडेदहा हजारांवर होती. शनिवारी दुपारी साडेअकरा हजार दिसायला हवे होते. दिसले एक्केचाळीस.

तिने गणेशला फोन लावला. गणेश काकांचा जुना दोस्त, चौकावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि वायरिंगचं दुकान. कालच चौकीतून सुटला होता.

"गणेशभाऊ, तुम्ही खोलीत नेमकं काय बसवलंत?"

"बेन, मी काही चूक नाही केली!" तो रडायलाच आला. "काकाच म्हणाले, वय झालं, हात कापतो, शॉकपासून वाचवणारा ब्रेकर बसव. जरासा करंट अंगातून गेला की डोळ्याची पापणी लवायच्या आत बटण पडतं. तो असताना शॉक लागलाच कसा, तेच कळत नाही मला."

"बटण पडलं की आपोआप वर येतं?"

"ना रे ना. हाताने उचलायला लागतं."

"कुठे आहे? मला तर दिसत नाही."

"कॅलेंडरच्या मागे. काकांना भिंत उघडी आवडत नाही ना. त्यांना आणि मला, दोघांनाच ठाऊक."

विशाखाने भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. खाली पांढरी डबी होती, बटण वर. तिने हळूच कॅलेंडर सोडलं आणि खुर्चीत बसली.

बारा पस्तीसमधून एक्केचाळीस गेले, म्हणजे अकरा चोपन्न. अकरा चोपन्नला कोणीतरी या कॅलेंडरमागे हात घातला होता. काका जमिनीवर पडलेले असताना!

*

पण कशासाठी? एका म्हाताऱ्या माणसाने कोणाचं काय घोडं मारलं होतं?

काशीबाई. तिला शुक्रवारचा फोन आठवला. आईला विचारायला हवं. विशाखाची आई, इंदुबाई, नवागामात तीस वर्षं राहिलेली. गल्लीतल्या मांजरांचीही सोयरीक तिला ठाऊक.

"काय व्हयनं वं, विशू? आवाज असा का?"

"आई, आपल्याकडच्या काशीबाई सांग."

"एक दूधवाली. एक ती बहिरी. आणि एक बिचारी चंदूची माय. श्रावणात पोरगा नाही का गेला इच्छापोरला, टाकी धुताना गॅसने? साहेब लोक म्हणाले, न विचारता आत उतरला, त्याचीच चूक. बाई अजून दारात बसून एकच बोलते, मन्हा चंदू असा नव्हता."

इच्छापोर. परागदादाचा कारखाना तिथेच होता.

तिने टेबलाकडे पाहिलं. नेहाने पाठवलेलं पोतं कोपऱ्यात होतं, त्यात एका कॉम्प्युटरचा रिकामा डबा. आतली डिस्क काढलेली. काकांचा लॅपटॉपही जागेवर नव्हता. आणि मघाशी ज्याच्यावर चष्मा होता तो टेपरेकॉर्डर? त्यात एक कॅसेट होती. काकांच्या बारीक अक्षरात तिच्यावर लिहिलं होतं: काशीबाई.

कोणालाही वाटावं, भजनाची कॅसेट आहे. विशाखाला वाटलं नाही. बबडीला डिस्क लागत नसे. जुन्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरांसारखी तीही कॅसेटवरच लिहायची आणि कॅसेटवरूनच वाचायची. तिने कॅसेट मागे फिरवली, बबडीची वायर लावली, बटण दाबलं. खोलीभर कर्कश किंचाळी उठली. दामलेकाका दोन पावलं मागे सरले.

"भूत आहे का काय आत?"

"आहे," विशाखा म्हणाली.

बबडीला जोडलेल्या छोट्या टीव्हीवर हिरवी अक्षरं उमटायला लागली. श्रावणातली एक तारीख. नऊ वाजून दहा मिनिटं: टाकी क्रमांक तीन, गॅसचा अलार्म. नऊ अकरा: अलार्म बंद केला, पी. सबनीस. नऊ चोवीस: अलार्म. नऊ पंचवीस: बंद केला, पी. सबनीस. असं चार वेळा. नऊ पन्नास: चंदू टाकीत उतरला, वारस आई काशीबाई, नवागाम. परवानगीच्या रकान्यात नाव होतं: पी. सबनीस.

मनगटाला बांधायचं तेसुद्धा बांधलं होतं त्यांनी.

ते वाक्य आता तिच्या कानात परत वाजलं. पट्टा तर दामल्यांच्या खिशात होता! काकांना खाली नेलं तेव्हा हातावर काहीच नव्हतं. पराग थेट हॉस्पिटलला गेला म्हणाला. मग त्याला पट्टा कसा दिसला?

तिने घाईघाईने काकूंना फोन लावला. रिक्षाचा आवाज आला.

"अगं, पराग लवकर आला. म्हणाला, काकू, तुम्ही दमलात, घरी जाऊन पडा. साडेतीनलाच बसला त्यांच्याजवळ. आणि ऐक ना, ह्यांनी बोटं हलवली! पराग म्हणाला, डोळे उघडायच्या वेळी मी जवळ असतो."

विशाखा खरंच घाबरली, लहान मुलासारखी. घड्याळात तीन चाळीस. मधे तापीचा पूल, दिवाळीची गर्दी. अर्धा तास तरी लागणार. उशीने तोंड दाबायला किती वेळ लागतो?

नर्सला सांगावं? नर्स म्हणेल, पुतण्या आहे सख्खा, काय बोलता बेन? तिला पटवेपर्यंत वेळ जाईल. परागलाच तिथून उठवायला हवं होतं. आत्ता. या क्षणाला.

तिने वसावांना फोन केला, चार वाक्यांत सांगितलं. वसावा आधी म्हणाले, "बेन, एक्सिडंटनो केस छे." टाकी, अलार्म आणि पट्टा ऐकल्यावर म्हणाले, "आवुं छुं. पाच मिनिट."

मग तिने परागला फोन लावला.

"परागदादा, मी वर खोलीत आहे. काकांनी डिस्कची नक्कल करून ठेवलेली दिसते. मला काही उमगत नाही. पोलिसांना देऊ का?"

पलीकडून मशीनचा टिक टिक आवाज ऐकू येत होता.

"हात लावू नकोस कशाला," पराग म्हणाला. "मी येतो. कोणाला बोलावू नकोस."

कसली डिस्क, असं त्याने विचारलंच नाही.

मग तिने नर्सला फोन करून फक्त एवढंच सांगितलं, की पुतण्या बाहेर निघालेत, तेव्हा पेशंटला एकटं सोडू नका. नर्स म्हणाली, "हां, निघाले. किती घाईत गेले!" विशाखाने फोन ठेवला आणि तोंडावर हात दाबून हुंदका आवरला.

*

साडेचारला जिन्यात पावलं वाजली. लिफ्टने नाही, पलीकडच्या बी विंगच्या जिन्याने. शनिवारीही तो तिकडूनच आला असणार.

विशाखाने कॅलेंडरमागचं बटण आधीच खाली पाडलं होतं. खोलीत काळोख. दार अर्धवट उघडं. टाकीच्या आड वसावा, एक कॉन्स्टेबल आणि दामलेकाका होते, पण ती टाकी फार लांब वाटत होती.

पराग आत आला. दार त्याने मागे ढकललं. घामाचा वास आला.

"अंधारात काय करतेस?"

"लाईट गेली आत्ताच. नक्कल बबडीवरच दिसते, ती चालू झाल्याशिवाय दिसणार नाही तुम्हाला," विशाखा म्हणाली. आपला आवाज एवढा सरळ कसा निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. "खालच्यांना विचारून येऊ का?"

"नको! कोणाला नको."

तो वळला. त्या काळोखात, एकही बटण न चाचपता, तो चार पावलं भिंतीकडे गेला. कॅलेंडर उचललं. खट्.

दिवा लागला. बबडीचे लाल आकडे उजळले: ०००००.

परागचा हात अजून कॅलेंडरखाली होता. त्याने विशाखाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला कळलं.

"मागच्या दिवाळीनंतर तुम्ही या खोलीत आला नाहीत, परागदादा," ती म्हणाली. "ते बटण बसवून आज दहा दिवस झाले. काकूंना ठाऊक नाही. मला आज कळलं. तुम्हाला कोणी दाखवलं?"

तो तिच्या अंगावर एक पाऊल आला. दार उघडलं आणि वसावा आत आले. "त्यांज ऊभा रहो. हिलना मत."

पराग तिथेच खुर्चीत कोसळला.

"बोलो, बेन," वसावा म्हणाले. "शुरू से."

विशाखाने टेबलाला टेकून सांगायला सुरुवात केली.

"साहेब, श्रावणात यांच्या कारखान्यात गॅसचा अलार्म चार वेळा वाजला. काम थांबू नये म्हणून यांनी चारही वेळा बंद केला. चंदू मेला. यांनी तो कॉम्प्युटर बिघडला म्हणून घरी आणला, डिस्क पुसली आणि माळ्यावर टाकला. पुसली म्हणजे फॉरमॅट केली. वरची पाटी पुसली, खालचं लिहिलेलं तसंच राहिलं. आणि मग दिवाळी आली. नेहावहिनींनी माळा साफ केला. या घरात भंगार टाकत नाहीत, काकांना देतात. त्यांनी दिलं."

परागने डोकं हातात धरलं.

"काकांनी डिस्क वाचली. दोन दिवस जेवले नाहीत. शनिवारी त्यांनी यांना बोलावलं. झटापट झाली, काका टेबलावर आपटून पडले. मग यांना सुचलं, की काकांचं नेहमीचं काम आहे, शॉक लागला म्हटलं की कोण विचारणार? मॉनिटर उघडला, नागडी वायर काकांच्या बोटांना लावली. पण ज्या गणेशला तुम्ही चौकीत बसवलंत ना साहेब, त्याच्या ब्रेकरने त्याच क्षणी वीज तोडली. म्हणून काका जिवंत आहेत. दार बंद, आत काळोख. डिस्क शोधायला यांना उजेड हवा होता. खट् आवाज कुठून आला ते यांनी ऐकलं होतं. कॅलेंडर उचललं, बटण वर केलं. तेव्हा अकरा चोपन्न झाले होते. त्या वेळेपासून बबडी परत मोजायला लागली. फोटोत एक्केचाळीस आहेत."

"और वो पट्टा?"

"पट्टा यांनी शेवटी बांधला. काका काळजी घेऊनच काम करत होते असं दिसावं म्हणून. लहानपणी काकांना बांधताना पाहिलं होतं, पण का बांधतात ते कधी विचारलं नाही." तिचा आवाज फुटला. "एकदा विचारलं असतंत तर काकांनी तासभर हौसेने सांगितलं असतं हो."

पराग पहिल्यांदा बोलला. मान खाली घालूनच.

"ते म्हणाले, तू स्वतः जाऊन सांग, मी बरोबर येतो. डिस्क मागितली तर दिली नाही. मी ढकललं फक्त. मग वाटलं, गेलेच."

"गेले असं वाटलं, मग वायर कशाला लावलीत?" विशाखाने विचारलं.

कॉन्स्टेबलने त्याला दंडाला धरून उठवलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी अरविंदकाका नीट जागे झाले. चष्मा घातला. पण दाराबाहेर पाऊल वाजलं, की त्यांची बोटं चादर घट्ट धरायची. काकू ते बघून तोंड फिरवायच्या.

"आता कोणाची पाळी?" काकांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

विशाखाने भिंतीकडे पाहिलं. पाळ्यांचा तो कागद कोणी काढलाच नव्हता. चार ते आठ, पराग.

"तो येणार नाही, काका. कॅसेट सापडली. सगळं पोलिसांना कळलंय."

काकांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. "मीच बोलावलं त्याला. म्हटलं, घरचा आहे. पोलिसांच्या आधी त्यालाच सांगू देऊ. माझंच चुकलं."

"नाही चुकलं," विशाखा म्हणाली आणि रडायला लागली. "माझं चुकलं. शनिवारी यायला हवं होतं मी."

"परीक्षा होती तुझी," काका म्हणाले. "काशीबाईंना सांगितलंस?"

"काल रात्रीच. चंदूची चूक नव्हती, अलार्म परागने बंद केला होता, एवढंच सांगितलं. आज सकाळपासून बाहेर बाकावर बसल्यात, तुमच्याजवळ कोणाकोणाची पाळी असते ते नर्सला विचारत होत्या."

दार हळूच ढकललं गेलं. विटलेल्या हिरव्या लुगड्यातली एक किडकिडीत बाई आत आली. काकांची बोटं परत चादरीवर आवळली. बाई भिंतीपाशी गेली. कागदावरचं तिला वाचता येत नव्हतं. तिने विशाखाला विचारलं, "परागनी पाळी कोनती?"

विशाखाने बोट ठेवून दाखवलं. चार ते आठ.

काशीबाईने पलंगाशेजारची खुर्ची ओढली, पदर सावरला आणि बसली.

"आते त्यानी जागावर मी बससू," ती म्हणाली, आणि काकांचा चटका बसलेला हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. काकांची बोटं हळूहळू सैल झाली.